जुना पिक्चर परत मोठ्या पडद्यावर बघायचाय? मग कोल्हापुरात शो असा लावा

श्याम बेनेगलचा मंथन रिस्टोर होऊन, म्हणजे जुनी फिल्म साफ-दुरुस्त होऊन, २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या कान्स फेस्टिव्हलला दाखवला आणि लगेच जूनमध्ये आपल्या देशातल्या थिएटरात लागला. त्याच वर्षी डिसेंबरात राज कपूरच्या शंभरीला त्याचे पिक्चर परत पडद्यावर आले, मग २०२५ ला जूनमध्ये उमराव जान, ऑगस्टमध्ये गुरुदत्तचे, आणि डिसेंबरात शोले, तो पण मूळ शेवटासकट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो आणि जो १९७५ ला सेन्सॉरमुळं बदलावा लागला होता. हे सगळं बघून दरवेळी आपल्या ग्रुपवर एकच चर्चा, की हे कोल्हापुरात कधी लागणार, आणि लागलं तरी एखाद-दुसरा शो, तो पण भलत्याच टायमाला.

तर मुद्दा असा आहे की जुना पिक्चर आपल्या गावात आपोआप येत नाही, कुणीतरी मागावा लागतो. आणि मागणं वाटतं तेवढं अवघड नाही. चार-पाच माणसं पाहिजेत, दोन-तीन महिने हातात पाहिजेत, आणि काय विचारायचं ते माहीत पाहिजे. ते सगळं इथं लिहून ठेवतोय, ज्याला करायचं असेल त्यानं बिनधास्त वापरावं.

आणि हे कोल्हापूरनं करायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० ला सैरंध्री आला. त्याच कंपनीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि १ जून १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, आणि १९३३ ला पुण्याला जायच्या आधी १९३२ चा अयोध्येचा राजा, दुर्गाबाई खोटे तारामती, हा बोलपट याच गावात झाला. आता ह्यातलं किती आपण पडद्यावर बघितलंय? मोबाईलवर यूट्यूबची ती करड्या रंगाची धुरकट कॉपी सोडली तर काही नाही. १९२५ चा सावकारी पाश तर बघायलाही मिळत नाही, त्याची प्रिंट आज नाही. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट बनले आणि त्यातले तीसच्या आसपास उरलेत, ते पण बरेचसे अर्धवट. म्हणून जे वाचलंय ते तरी नीट बघावं.

आधी हे ठरवा की नक्की काय मागताय

परत लागणारे सगळेच जुने पिक्चर "रिस्टोर" झालेले नसतात, इथं लई गोंधळ होतो. तुंबाड २०२४ ला परत लागला आणि तुफान चालला, पण तो २०१८ चा पिक्चर, तो परत रिलीज झाला, रिस्टोर नाही. मुघल-ए-आझम २००४ ला रंगीत करून आणला, ते पण रिस्टोरेशन नव्हे, त्यात जे मुळात नव्हतं ते घातलं गेलं. आणि आता तर एआयनं शेवटच बदलायचे प्रकार झालेत, २०२५ ला रांझणाच्या तमिळ आवृत्तीत तसं झालं आणि दिग्दर्शकानं उघड विरोध केला.

रिस्टोरेशन म्हणजे काय, तर जी सगळ्यात चांगली फिल्म शिल्लक आहे, शक्यतो कॅमेऱ्यातनं निघालेली मूळ निगेटिव्ह, ती हातानं साफ करून, फाटलेली जोडून, एकेक फ्रेम स्कॅन करायची. मग चरे, डाग, थरथर काढायची, रंग मूळ होता तसा आणायचा, आवाज साफ करायचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन तासाच्या पिक्चरला एक लाख बहात्तर हजार आठशे फ्रेम. हे काम महिनोन्महिने चालतं.

म्हणून कुणी "फोर-के रिमास्टर", म्हणजे एकदम बारीक तपशील दिसणारी नवी डिजिटल कॉपी, म्हणालं की लगेच भुलू नका, तीन गोष्टी विचारा. एक, स्कॅन कशावरनं केला, निगेटिव्हवरनं का प्रिंटवरनं का जुन्या व्हिडिओ टेपवरनं. टेपवरनं केलेला असला तर फोर-केला काही अर्थ नाही, लहान फोटो मोठा करून छापल्यासारखं होतं ते. दोन, रंग कुणी बघून पास केले, त्या पिक्चरचा कॅमेरामन, दिग्दर्शक किंवा त्यांच्याबरोबर काम केलेलं कुणी होतं का. तीन, काही सीन गायब आहेत का. चांगल्या रिस्टोरेशनच्या सुरुवातीलाच एक पाटी येते, कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या साली, कशावरनं केलं ते त्यात लिहिलेलं असतं. ती पाटी वाचायची सवय लावा आणि तुमच्या शोला ती कापू देऊ नका.

ही माहिती नुसती कागदी नाही, त्यात एकेका पिक्चरची गोष्ट असते. मंथनची निगेटिव्ह पुण्याच्या आर्काइव्हमध्ये होती पण तिचे रंग उडालेले, आणि आवाज घ्यावा लागला एका प्रिंटवरनं जी फिल्म हेरिटेज फाउंडेशननं जपून ठेवली होती. शोलेची मूळ निगेटिव्ह खराब झालेली, तर इंग्लंडमधल्या एका गोदामात ठेवलेली, निगेटिव्ह आणि प्रिंटच्या मधल्या टप्प्याची फिल्म उपयोगी आली. सत्यजित रायच्या अपूच्या तिन्ही पिक्चरच्या निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबला आग लागली त्यात भाजल्या, त्या भाजक्या फिल्मवर केमिकलची प्रक्रिया करून जेवढ्या फ्रेम सोडवता आल्या तेवढ्या सोडवल्या, उरलेल्या दुसरीकडच्या कॉपीतनं घेतल्या, आणि २०१५ ला ते पिक्चर परत थिएटरात लागले. शोच्या आधी पब्लिकला हे दोन मिनिटात सांगितलं तर लोक पडद्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतात.

अजून एक, रिस्टोर केलेल्या पिक्चरमध्ये बारीक दाणे हलताना दिसतात, त्याला घाबरू नका, ती घाण नव्हे. फिल्म अशीच असते, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. उलट दाणे अजिबात दिसत नाहीत आणि माणसांचे गाल मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत दिसतात तेव्हा समजा सॉफ्टवेअरनं जास्तच घासलंय.

पिक्चर मागायचा कुणाकडं

रस्ते मुख्यतः तीन. पहिला म्हणजे पुण्याचं आपलं राष्ट्रीय फिल्म आर्काइव्ह, १९६४ ला सुरू झालेलं, २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळात गेलंय. सरकारी फिल्म हेरिटेज मिशनखाली शेकड्यानं पिक्चर रिस्टोर करायचं काम त्यांच्याकडं आहे आणि प्रभातचा वारसा बघायचा तर त्यांनाच विचारायला लागणार. दुसरा, मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन, शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ ला काढलेलं, मंथन आणि शोले त्यांचंच काम. तिसरा, ज्यांच्याकडं पिक्चरचे हक्क आहेत ते, म्हणजे निर्मात्याची कंपनी किंवा वारस किंवा ज्यांनी हक्क विकत घेतलेत ते. मराठी पिक्चरचे हक्क कुणाकडं आहेत हे कळत नसेल तर मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य ऑफिस आपल्याच गावात आहे, तिथं जाऊन चौकशी करा, फोनपेक्षा समक्ष गेलेलं बरं.

मेल लिहिताना "आम्हाला तुमचा पिक्चर दाखवायचाय, किती घेणार" असं एक ओळीत लिहू नका. थिएटर कुठलं, सीटं किती, तारीख, एकच शो का दोन, तिकीट आहे का फुकट, कुणासाठी, पिक्चर चालवायची सिस्टीम काय, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये टाका. समोरच्याला विश्वास बसतो की ही माणसं त्याचा पिक्चर नीट सांभाळतील. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर परत लिहा, राग न धरता.

हक्कांचं थोडं समजून घ्या. आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट रिलीजच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६५ चा पिक्चर २०२५ संपेपर्यंत. त्याच्या आधीचा असला तर काहीजण म्हणतात, मग काय, डाउनलोड करा आणि लावा. तसं करू नका. एक तर कथा, गाणी, संगीत यांचे हक्क वेगळे असतात आणि ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. आणि दुसरं म्हणजे ज्यांनी पैसे आणि वर्षं घालून ती फिल्म वाचवली त्यांना विचारून, त्यांच्याकडची चांगली कॉपी घेऊनच दाखवण्यात अर्थ आहे, नाहीतर परत तीच धुरकट कॉपी फक्त मोठी दिसणार.

सेन्सॉर सर्टिफिकेटची कॉपी पण मागून घ्या, तिकीट लावून जाहीर शो करायचा तर थिएटरवाले ती मागणारच. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सर्टिफिकेट कायमचं चालतं, पण पिक्चरमध्ये जादा सीन घातले असतील तर त्या नव्या आवृत्तीचं सर्टिफिकेट आहे का ते बघा. हे झंझट पहिल्या वेळी नको वाटत असेल तर गावातल्या फिल्म सोसायटीबरोबर मिळून करा. बाबूराव पेंटरांच्या नावानं आपल्याकडं फिल्म सोसायटी आहे, गोव्याच्या इफ्फी, पुण्याच्या पिफ्फ असल्या फेस्टिव्हलला जायला न जमणाऱ्यांनी शाहू स्मारकला तिचे पिक्चर बघितले असतील. त्यांना मेलामेलीची सवय आहे, ओळखी आहेत, आणि नवीन पोरं जोडली तर त्यांनाही पाहिजेतच.

थिएटर आणि मशीन, इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा

बाकी सगळं बरोबर झालं आणि पडद्यावर पिक्चर बिघडला तर काय उपयोग. म्हणून हा भाग नीट वाचा.

थिएटर ठरवायला जाल तेव्हा मॅनेजरबरोबर भाड्याचं बोलून लगेच माघारी फिरू नका, केबिनमध्ये जा आणि ऑपरेटर काकांना भेटा. विचारा की डीसीपी चालतो का. डीसीपी म्हणजे थिएटरसाठी बनवलेली डिजिटल कॉपी, हार्ड डिस्कवर येते किंवा डाउनलोडनं. मल्टिप्लेक्सला चालतेच. पण काही सिंगल स्क्रीनला यूएफओसारख्या, थिएटरांना डिजिटल पिक्चर पुरवणाऱ्या कंपनीची स्वतःची सिस्टीम असते, तिथं तुम्ही डिस्क घेऊन गेला तर उपयोग नाही, त्या कंपनीच्या मार्फतच पिक्चर सर्व्हरवर, म्हणजे थिएटरच्या पिक्चर चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर चढवावा लागतो आणि त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात. हे आधी कळलं तर बरं.

डीसीपी लॉक केलेला असेल तर त्याला किल्ली लागते, तिला केडीएम म्हणतात. ती एका ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक वेळेपुरतीच असते. म्हणजे थिएटरचा सर्व्हर कुठला, त्याचा नंबर आणि त्याचं डिजिटल सर्टिफिकेट (सेन्सॉरचं नव्हे) हे आधी पाठवायला लागतं, आणि स्क्रीन एकवरचा शो ऐनवेळी स्क्रीन दोनला हलवला तर किल्ली चालणार नाही. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, शो रविवारी सकाळी दहाला असेल तर किल्ली रविवारी दहापासून मागू नका, शुक्रवारपासून मागा, नाहीतर टेस्ट कशी करणार? आणि किल्लीवरची वेळ बऱ्याचदा ग्रीनिचची लिहिलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, ते मोजून बघा.

डिस्क हातात आली की घरी लॅपटॉपला लावून बघायचा मोह होतो. लावलीच तर विंडोज म्हणतो डिस्क फॉरमॅट करा, कारण ती लिनक्सच्या पद्धतीची असते आणि त्याला वाचता येत नाही. चुकूनही हो म्हणू नका. सरळ थिएटरला द्या. दोन तासाचा पिक्चर दीडशे-दोनशे जीबी सहज असतो, सर्व्हरवर चढायला तास-दीड तास जाऊ शकतो, म्हणून शोच्या सकाळी डिस्क घेऊन पळत जाणं नको, दोन दिवस आधी.

आता चित्राचा आकार. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. १९५० च्या आधीचे पिक्चर आणि त्यानंतरचेही आपल्याकडचे बरेच पिक्चर जवळजवळ चौकोनी आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा पडदा १.८५ नाहीतर २.३९. म्हणजे जुना पिक्चर बरोबर लावला तर दोन्ही बाजूला काळी पट्टी राहणारच, ते बरोबर आहे. पण ती पट्टी दिसली की कुणीतरी म्हणतं पडदा भरत नाही, आणि मग दोन उद्योग होतात. एक तर चित्र आडवं ताणतात, सगळी माणसं बुटकी आणि फुगलेली. नाहीतर झूम करतात, आणि १.३७ चा पिक्चर १.८५ ला भरायचा तर वर-खालून मिळून चौथा हिस्सा कापला जातो. एका गावात मी असा शो बघितलाय, तिथं गाण्यात नाचणाऱ्या बाईचे पाय पूर्ण वेळ पडद्याच्या बाहेर होते. दामले-फत्तेलालांनी, फत्तेलाल तर मुळात चित्रकार माणूस, एकेक फ्रेम कागदावर चित्र मांडावं तशी मांडलीय, आणि आपण त्याचा चौथा भाग कापून दाखवायचा हे मनाला पटत नाही.

तपासायची सोपी युक्ती: पिक्चरमधला कुठलाही गोल शोधा, बैलगाडीचं चाक, ताट, घड्याळ. गोल गोल दिसतोय का अंड्यासारखा? आणि पिक्चरच्या नावाच्या पाट्या बघा, अक्षरं चारी बाजूनं पूर्ण आत आहेत का. थिएटरला पडद्याच्या बाजूचे काळे पडदे हलवता येत असतील तर चित्राच्या कडेपर्यंत आणून घ्या, चित्र एकदम उठून दिसतं.

डीसीपी मिळालाच नाही आणि ब्लू-रेवर दाखवायची परवानगी मिळाली तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये चित्र ताणायचा पर्याय बंद करा, आउटपुट २४ फ्रेमला ठेवा, आणि डिस्क आधी पूर्ण चालवून बघा, मधेच अडकत नाही ना.

आवाजाचं असं, की जुना पिक्चर मोनो असतो, म्हणजे सगळा आवाज पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधनं यायला पाहिजे. काही ठिकाणी हौसेनं चारी बाजूचे स्पीकर चालू करतात, मग संवाद देवळात घुमल्यासारखा येतो. तेवढं बंद करायला सांगा. आवाज किती ठेवायचा ते रिकाम्या हॉलमध्ये ठरवताना थोडा जास्त ठेवा, कारण माणसांनी भरलेला हॉल आवाज पितो, आणि सिंगल स्क्रीनला पंखे चालू असले तर अजून. प्रोजेक्टरवर थ्रीडीचा फिल्टर राहिलाय का ते पण विचारा, त्यानं उजेड बराच कमी होतो आणि काळा-पांढरा पिक्चर नुसता राखाडी दिसतो.

टेस्ट म्हणजे दोन मिनिटं बघून "चालतंय" म्हणणं नव्हे. सुरुवातीची दहा मिनिटं, एक गाणं, एक रात्रीचा सीन, एक गर्दीचा सीन, आणि शेवट. सबटायटल पडद्याच्या आत येतात का. इंटरव्हल कुठं घ्यायचा ते पण इथंच ठरवा, पिक्चरमध्ये मुळात मध्यंतराची पाटी असेल तर तिथंच, नसेल तर सीन संपल्यावर, आणि ती जागा मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून काकांना द्या.

आणि ऑपरेटर काकांना मान द्या, नुसतं काम सांगू नका. ज्यांनी उजेडासाठी कार्बनच्या कांड्या पेटवून मशीन चालवलंय, दोन हजार फुटाचं रीळ साधारण बावीस मिनिटात संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसतो, तो बघून दुसरं मशीन चालू करायचं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं केलंय, अशी माणसं अजून गावात आहेत. त्यांना शोला बोलवा, पुढं बसवा, शो संपल्यावर दोन शब्द बोलायला लावा. पोरं तोंडाचा आ करून ऐकतात.

तारीख, तिकीट, माणसं

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा पण कोल्हापूरचं. गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा सोडा. जुलै-ऑगस्ट नको, पंचगंगेला पाणी आलं की कुणाचं लक्ष पिक्चरकडं असणार. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा वगैरे फुटबॉलची मोठी मॅच असेल त्या दुपारी अर्ध्या पेठा तिकडं असतात, हे विसरू नका. रविवारी सकाळी साडेनऊ-दहाचा शो सगळ्यात बरा, थिएटरही रिकामं असतं आणि भाडं बोलायला जागा राहते, म्हाताऱ्या माणसांना ऊन लागायच्या आत येता येतं.

तिकीट शंभरच्या आत ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, वर गेलं की १८. हिशोब सरळ करा: भाडं, पिक्चरची फी, डिस्कचं कुरिअर, पोस्टर, थोडं वरखर्चाला. समजा सगळे मिळून पंचवीस हजार झाले आणि तिकिटातनं टॅक्स जाऊन हातात नव्वद राहिले, तर पावणेतीनशे-तीनशे माणूस आलं की खर्च निघतो. तेवढं माणूस येईल असं वाटत नसेल तर लहान हॉल घ्या. मोठ्या हॉलमध्ये पन्नास माणसं बसली की सगळ्यांनाच वाईट वाटतं, तेच पन्नास लहान हॉलमध्ये भरलेले वाटतात.

माणसं कशी जमवायची? व्हॉट्सॲप स्टेटस ठीक आहे, पण ज्यांनी तो पिक्चर लहानपणी बघितला ती माणसं ज्येष्ठ नागरिक संघात, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यात आणि देवळाच्या कट्ट्यावर सापडतात, तिथं समक्ष जाऊन सांगा. तालीम मंडळांना सांगा, त्यांचा बोर्ड चौकात असतो आणि सगळी पेठ तो वाचते. शिवाजी विद्यापीठ, कॉलेजं, नाटकवाली पोरं, यांना ग्रुपनं तिकीट द्या. आजी-आजोबांबरोबर नातवंडं आली तर त्यांचं तिकीट घेऊ नका, हे मी आवर्जून सांगेन, कारण दहा वर्षाच्या पोरानं एकदा मोठ्या पडद्यावर काळा-पांढरा पिक्चर बघितला की त्याला तो "जुना" वाटत नाही.

पोस्टर कॉम्प्युटरवर बनवू नका, आपल्या गावातल्या आर्ट स्कूलच्या पोरांकडनं हातानं रंगवून घ्या. बाबूराव पेंटर स्वतः आपल्या पिक्चरची पोस्टरं रंगवायचे, आणि मोठं हातानं रंगवलेलं बॅनर थिएटरबाहेर लागलं की रस्त्यावरचा माणूस थांबतोच.

भाषणं कमी. पाहुणे, सत्कार, नारळ, हे सगळं शो संपल्यावर. आधी पाच मिनिटात पिक्चर कधीचा, कुणी केला, कसा वाचला एवढंच, आणि दिवे बंद.

मूकपट लावायचा विचार असेल तर

करा की! फाळक्यांचा कालिया मर्दन, १९१९ चा, त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय, तो बराचसा शिल्लक आहे. मूकपटाला त्या काळी थिएटरात बसून पेटी-तबला वाजवायचे, आणि आपल्या गावात वाजवणाऱ्यांची काय कमी? पेटी, तबला, ढोलकी, एखादी व्हायोलिन, पण त्यांना पिक्चरची कॉपी आधी द्या, दोन-तीन वेळा पिक्चर चालवून त्याच्याबरोबर तालीम करा. सारखं वाजवत राहायचं नाही, काही ठिकाणी थांबायचं पण ठरवा. कॉपी कुठल्या वेगाला बनवलीय ते विचारा, मूकपट हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला १६-१८-२० फ्रेम असे घेतलेले असायचे, २४ नं चालवले की सगळे पळत सुटल्यासारखे दिसतात. आणि पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायला एखादा चांगला आवाज ठेवा, लहान पोरांना आणि चष्मा विसरलेल्यांना बरं पडतं.

"आमच्या माळ्यावर डबे आहेत"

असा शो केला की बाहेर पडताना कुणीतरी हे म्हणतंच. कोल्हापुरात तर म्हणणारच, इतके लोक या धंद्यात होते, कुणाचे आजोबा लॅबमध्ये, कुणाचे वितरक, कुणाचे थिएटर. ह्या वाक्याकडं दुर्लक्ष करू नका. इंग्लंडच्या गोदामात, कुठल्या कुठं परदेशात फिल्म सापडतात, १९२७ चं मेट्रोपोलिस, त्याचे गेलेले सीन २००८ ला थेट ब्युनोस आयर्सला सापडले, मग शिवाजी पेठेतल्या माळ्यावर का नाही सापडणार.

पण डबा सापडला तर उघडून रीळ सोडत बसू नका, आणि मशीनवर तर अजिबात चालवू नका. १९५० च्या आसपासपर्यंतची ३५ एमएम फिल्म नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट भयंकर पेटतं, एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही. २००३ ला पुण्यात नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली आणि त्यात प्रभातचं मटेरियल पण गेलं. म्हणून डब्याजवळ विडी-काडी, समई, काही नको, उन्हात ठेवू नका, पत्र्याखाली ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत आवळून बांधू नका. सावलीत, गार, हवा येईल अशा जागी. फिल्म चिकट झालेली, फेस आलेला किंवा तपकिरी पावडर झालेली दिसली तर हातच लावू नका. नंतरच्या काळातल्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, म्हणजे ती खराब व्हायला लागलीय आणि घाई करायला पाहिजे, ती बाकीच्या रिळांपासून बाजूला ठेवा.

डब्यावर जे लिहिलंय त्याचे फोटो काढा, सगळ्या बाजूनं, आणि पुण्याच्या आर्काइव्हला नाहीतर फिल्म हेरिटेज फाउंडेशनला पाठवा. नायट्रेटची शंका असली तर स्वतः गाडीत घालून निघू नका, न्यायचं कसं ते त्यांना विचारा. आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, त्या चांदीसाठी किती रिळं धुऊन टाकली गेली याचा हिशोब नाही.

रीळ नसेल आणि नुसती गाण्यांची पुस्तकं, फोटो, जाहिरातीची कार्डं, जुनी तिकिटं असतील तरी ती फेकू देऊ नका. पिक्चर पाच आण्याच्या खुर्चीवर बसून बघताना विकत घेतलेल्या त्या गाण्यांच्या पुस्तकात कथा असते, नटांची नावं असतात, गाण्यांचा क्रम असतो, आणि रिस्टोर करणाऱ्याला कुठलं गाणं कुठं होतं, कुठला सीन गायब आहे हे त्यावरनं कळतं. प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढा, मागची बाजू पण, कुणाच्या घरचं आहे ते त्यांना विचारून लिहून ठेवा, आणि मूळ कागद त्यांच्याच घरी कोरड्या जागी, लॅमिनेशन न करता राहू द्या.